धनत्रयोदशीचा बंदोबस्त आणि फूटपाथवरची वरात

नाव, गाव काही टाकत नाही, नोकरी करायचीय. एवढंच सांगते की पश्चिम महाराष्ट्रातलं नगरपालिकेचं शहर आहे, एसटी स्टँडपासून मंडईपर्यंत एकच मोठा रस्ता आहे आणि अख्ख्या तालुक्याला कपडा, सोनं, भांडी, औषधं सगळं त्याच रस्त्यावर घ्यायचं असतं. मी वाहतूक शाखेत हवालदार आहे. लोक ट्रॅफिकवाली बाई म्हणतात, काही लोक पाठीमागे आणखी बरंच काय काय म्हणतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

२०२५ च्या दिवाळीत धनत्रयोदशी शनिवारी आली होती. म्हणजे सुट्टी, हातात बोनस आणि खरेदीचा मुहूर्त सगळं एकाच दिवशी. सकाळी हजेरीला साहेबांनी सांगितलं, यंदा पायी चालणाऱ्यांना शिस्त लावायची. साहेब मोठ्या शहरातून बदलून आलेले, माणूस वाईट नाही, पण त्यांचं ठाम मत होतं की आपल्या चौकात लोक कुठूनही घुसतात म्हणून गाड्या तुंबतात. मग काय, चौकातली ओलांडायची जागा बॅरिकेड आणि दोरी लावून बंद केली, आणि पलीकडे जायचं असेल तर पुढे बँकेजवळ गॅप ठेवलाय तिथूनच जायचं. दोरी ओलांडली की १०२, ११७. महाराष्ट्र पोलीस कायदा, रस्त्यात अडथळा केला म्हणून. ही कलमं आमच्या तोंडात बसलेली आहेत, हातगाडीवाल्याला लावतो, आडवी रिक्षा लावणाऱ्याला लावतो, पण नुसतं चालत चाललेल्या माणसाला लावायची म्हटल्यावर हजेरीतल्या जुन्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं. बोललं कुणी नाही. हजेरीत कोण बोलतं?

आता आमचा चौक कसा आहे ते सांगायला पाहिजे. एका बाजूला दवाखान्यांची तीन मजली बिल्डिंग आणि बरोबर समोर ओळीने मेडिकलची दुकानं. म्हणजे डॉक्टरने चिठ्ठी दिली की माणूस खाली उतरतो आणि समोर बघत सरळ चालायला लागतो. त्याला आम्ही दोरीपाशी अडवून सांगणार, बँकेपर्यंत जा, तिथून ओलांडा, तेवढंच परत या, आणि औषध घेऊन पुन्हा तीच फेरी. सकाळी दहाच्या आत एका मावशींनी मला विचारलं, पोरगी वर सलाईन लावून पडलीय, मी काय दोरीची परवानगी घ्यायला बसू का. मी दोरी वर केली. माझ्या पॉईंटला मी दिवसभर अशी दोरी वर करतच होते, पण सगळ्याच पॉईंटला तसं नव्हतं.

आणि एक खरं सांगते, लोकही काही कमी नाहीत. कानाला मोबाईल, हातात पोर, आणि चालू एसटी आणि रिक्षा यांच्या मधून आडवे. रस्ता सुरक्षा अभियानात शाळेशाळेत बोलायला पाठवतात म्हणून मला आकडे पाठ आहेत, २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. पोरांना हे सांगते आणि वर सांगते की फूटपाथवरून चाला. दरवेळी मागच्या बाकावरून एखादं पोरगं विचारतंच, मॅडम कुठल्या फूटपाथवरून? सगळा वर्ग हसतो, शिक्षकही हसतात.

तर त्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला पलीकडच्या टोकाला आरडाओरडा ऐकू आला. तिथे आमचा नवीन पोरगा होता, भरती होऊन फार दिवस झाले नाहीत, आणि सकाळपासून वॉकीटॉकीवर त्याला दोनदा ऐकवलेलं की तुझ्याकडे केसेस काहीच कशा नाहीत. त्याने एका म्हाताऱ्या गृहस्थांना दोरीखालून येताना धरलं होतं. धरलं म्हणजे पिशवीला धरून ओढलं, आणि पिशवीत होता आकाशकंदील, बांबूच्या काड्यांचा, हाताने केलेला. त्याची एक बाजू आत गेली, कागद टरकन फाटला. मी पोचले तेव्हा काका कंदील दोन्ही हातात धरून उभे होते आणि आवाज न चढवता एकच म्हणत होते, पावती द्या. पण त्यावर कलम लिहून द्या.

पोरगं बावचळलं. आतापर्यंत सगळे सोडा म्हणणारेच भेटले होते, हा माणूस पावती मागतोय. बाजूला पंधरावीस माणसं जमली, मोबाईल वर निघाले. समोरच्या मोबाईलच्या दुकानातला कामाला असलेला मुलगा तर कॉमेंटरीच करायला लागला, बघा मंडळी, आपले पोलीस कंदील फाडतायत, मागे फूटपाथवर गाड्या लावल्यात त्या यांना दिसत नाहीत. गर्दीतनं कुणीतरी ओरडलं, गाडीवाल्याला हात लावून दाखवा की! हे वाक्य मला लागलं, कारण ते खरं आहे. गाडीवाल्याला थांबवायला गेलं तर तो गिअर टाकून निघून जातो, नाहीतर थांबून आधी कुणाला तरी फोन लावून आमच्या कानाला देतो. चालणारा माणूस पळून पळून जाणार कुठे? तो हाताला लागतो. म्हणून त्याच्यावर कारवाई सोपी, आणि म्हणूनच त्याचा राग जास्त.

मी म्हटलं, काका, चुकलं आमचं पोरगं, तुम्ही जावा, पावती बिवती काही नको. तर काका म्हणाले, "नाही ताई, तुम्ही म्हणताय ना बँकेजवळून ओलांडायचं, तर चला माझ्याबरोबर. फूटपाथवरून. एक पाऊलही रस्त्यावर न टाकता मला तिथपर्यंत नेऊन दाखवा, दाखवलंत तर दंड भरतो."

मग कळलं की काका बांधकाम खात्यातले रिटायर्ड ओव्हरसियर. म्हणजे चुकीच्या माणसाला अडवलेलं. गर्दी बघत होती, नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं तर मलाही गर्दी तिथून हलवायची होती. म्हटलं चला.

निघालो. पुढे काका कंदील घेऊन, मग मी, मागे सगळं लटांबर, मोबाईल वर धरून. पहिल्याच दुकानाने पायऱ्या फूटपाथवर बांधलेल्या, तीन पायऱ्या, चढून उतरावं लागलं. पुढे कापडवाल्याचे पुतळे उभे, नऊवारी नेसवलेले, त्यांच्या मधून तिरकं होऊन गेलो. मग वीज मंडळाची डीपी, तिला लोखंडी जाळीचं कुंपण, ती अख्खा फूटपाथ खाऊन बसलेली, तिथे खाली उतरावंच लागलं. काका थांबले आणि मागे वळून म्हणाले, एक. पुढे गटारावरची फरशी गायब, त्यात कुणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवलेली, लोकांना कळावं म्हणून. दोन. मग मोटरसायकली, एकाला एक चिकटून, स्टँडवर, हँडलात हँडल अडकलेलं, ते तर किती होतं सांगू नका, तिथून थेट रस्त्यावरूनच चाललो आणि मागून एक टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवूनच आला. मी युनिफॉर्ममध्ये आहे हे बघूनही. काका बोटांनी वितीने मोजत होते, म्हणाले इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने साध्या वस्तीतसुद्धा फूटपाथ किमान १.८ मीटर मोकळा पाहिजे, बाजारात त्याच्याहून जास्त, आणि उंची पंधरा सेंटिमीटरच्या वर नको, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला चढता येतं. इथली उंची माझ्या गुडघ्याच्या थोडी खाली. बांधतानाच तशी बांधलेली. मी विचारलं, काका, हा तुमच्या खात्याने बांधला का? हसले. म्हणाले, नाही, नगरपालिकेने, पण आम्हीही काही वेगळे बांधले नाहीत.

मागचं लटांबर आता हसायला लागलं होतं. मघाशी अंगावर येणारी माणसं, आता मला सांगत होती मॅडम इकडून या, मॅडम साडी, म्हणजे पुतळ्याची साडी, पायात येईल. एका पाणीपुरीवाल्याने तर आम्हाला येताना बघून गाडा मागे घेतला. मी या रस्त्यावर उन्हात उभी असते, दिवसभर पाणी कमी पिते कारण बायकांना जायला जवळपास कुठे सोय नाही, मंडईतलं आहे ते असं की नको वाटतं. पण इतक्या वर्षांत या फूटपाथवरून सलग चालले अशी कधीच नव्हते. आमची ड्युटीच रस्त्याकडे तोंड करून असते.

बँकेजवळ पोचलो. बॅरिकेडमधला गॅप बरोबर तिथेच होता आणि त्या गॅपमध्ये एक पांढरी मोठी गाडी उभी, काचेच्या आत महाराष्ट्र शासन असा बोर्ड ठेवलेला. ड्रायव्हर नाही. काका काही बोलले नाहीत, नुसते बाजूला उभे राहिले. मी मशीन काढलं, नंबर प्लेटचा फोटो घेतला, चलान केलं. टाळ्या पडल्या. मला टाळ्यांनी बरं वाटलं नाही, उलट घामच फुटला, कारण आता फोन कुणाचा येणार हाच विचार डोक्यात.

फोन आला तो वेगळाच. वॉकीटॉकीवर, चौकात ताबडतोब या. आमच्या नवीन पोराने त्या मोबाईलच्या दुकानातल्या मुलाचा फोन घ्यायचा प्रयत्न केला, झटापट झाली, पोराची टोपी रस्त्यावर पडली आणि एका रिक्षाचं चाक तिच्यावरून गेलं. आमच्यात टोपी पडणं फार लागतं हो. बाहेरच्यांना नाही कळणार. मी येईपर्यंत त्या मुलाला जीपमध्ये घातलं होतं आणि दुकानं शटर ओढायच्या तयारीत, धनत्रयोदशीला! व्यापारी मंडळाचे लोक हात जोडून इकडून तिकडून फिरत होते.

पोलीस ठाण्यात साहेब पहिल्यांदा न्याय संहितेचं कलम १३२ च म्हणत होते, जुन्या आयपीसीचं ३५३, सरकारी नोकरावर हल्ला. ते लागलं की त्या दुकानातल्या मुलाची पुढची वर्षं कोर्टात जाणार आणि सरकारी नोकरीचा तर विषयच संपला. त्याची आई मेसमध्ये पोळ्या लाटते, पीठ लागलेल्या हातांनीच आलेली, बाकावर बसून होती, रडत नव्हती, नुसती दाराकडे बघत होती. मी साहेबांना म्हटलं, सर, आधी व्हिडिओ बघा, तो सगळ्यांकडे आहे, आपल्याकडेही येणारच आहे. बघितला. त्यात हात आधी आपल्या पोराने घातलेला दिसतो आणि टोपी त्याच्याच कोपराने पडलेली. साहेबांनी पुन्हा एकदा बघितला. मग मुन्शीला म्हणाले, ६८ ला ताब्यात, ६९ ला सोडला, असं घ्या, म्हणजे पोलीस कायद्याखाली नुसतं ताब्यात घेऊन सोडल्याची नोंद. मुलाला आत बोलावून दम दिला आणि चहा पाजला, दोन्ही. मग आमच्या पोराला आत बोलावलं, त्याला चहा नाही मिळाला.

काका तिथेच बसलेले, कंदील मांडीवर. त्यांचा तिढा पावतीचाच. साहेबांशी त्यांचं बराच वेळ चाललं, म्हणाले मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मोकळा फूटपाथ हा नागरिकाचा हक्क आहे, राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो. साहेब म्हणाले, ते नगरपालिकेला सांगा, फूटपाथ त्यांचा. काका म्हणाले, नगरपालिका म्हणते अतिक्रमण काढायला पोलीस बंदोबस्त मिळत नाही. मी आयुष्यभर सरकारी टेबलं फिरलोय साहेब, हा कागद कसा फिरतो मला माहितीय. साहेब हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत.

संध्याकाळी पाचनंतर गर्दी अशी वाढली की दोरी कुणी सोडली ते कळलंच नाही, सुटली एवढं खरं. मी आणि एक होमगार्ड दवाखान्यासमोर उभे राहिलो, मिनिटभर गाड्या, मग शिट्टी, मग मिनिटभर माणसं. जादू काही झाली नाही. गाड्या तुंबल्याच, सकाळी तुंबल्या होत्या तेवढ्याच. पण शिव्या कमी बसल्या आणि दोघा-तिघांनी जाता जाता चकलीचं पाकीट हातात दिलं, ते होमगार्डने घेतलं, मला ड्युटीवर घेता येत नाही असं म्हणून मीही एक चकली खाल्लीच. पुण्यात लक्ष्मी रोडवर २०२१ पासून ११ डिसेंबरला गाड्या बंद करून पादचारी दिन करतात, तसा एक दिवस आपल्याकडे करून बघू असं मी साहेबांना बोलले, त्यांनी बघू म्हटलंय.

त्या पांढऱ्या गाडीसाठी फोन रात्री नऊला आला. चलान ऑनलाईन गेलं होतं, मागे घेता येत नाही असं साहेबांनीच सांगितलं, हे मात्र त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते. पैसे अजून भरलेले नाहीत.

दिवाळी झाल्यावर ठाण्यात एक पाकीट आलं. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, अक्षर एकदम ड्रॉईंगवर लिहिल्यासारखं. वर्षभरात पायी चालणाऱ्या किती जणांवर कोणत्या कलमाखाली कारवाई केली, आणि फूटपाथवर उभ्या केलेल्या किती वाहनांवर केली, महिन्यानुसार तक्ता द्या. मुन्शी म्हणाला, तुमचे पाहुणे आहेत मॅडम, तुम्हीच भरा तक्ता. दोन रात्री रजिस्टर काढून बसले, तीस दिवसांच्या आत उत्तर गेलं. परवा बाजारात काका भेटले, म्हणाले तुमचा दुसरा रकाना वाचला, समाधान झालेलं नाही, अपील टाकतोय. टाका म्हटलं.