मंजुरी आली, मग अडलं कुठं?

दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी पालक विचारतात, "मॅडम, प्रकल्पाला पैसे मंजूर झाल्याचं पेपरात आलं होतं की. मग आमच्या पोरीची पीएचडी अजून का अडलीय?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

मंजुरी म्हणजे हातात पैसे नव्हेत. पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला, गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. खाती आता शून्य शिलकीची, त्यामुळं ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम परत जाते. हप्ता फेब्रुवारीत आला, तर कोटेशनं, जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल, खरेदी समिती, बिलं हे सगळं महिना-दीड महिन्यात उरकायचं.

आम्ही प्रयोगशाळेत पेशी वाढवून त्यांच्यावर औषधं तपासतो, आणि पेशी काही हप्त्याची वाट बघत थांबत नाहीत. त्यांच्या खाद्यात साधारण १० टक्के सीरम लागतं, वासराच्या गर्भाच्या रक्तातलं. ५०० मिलीची बाटली, उणे २० अंशांवर ठेवायची. परदेशातून मुंबईत उतरते आणि ड्राय आइसमध्ये पुणे-सातारामार्गे कोल्हापूरला येते. खोका शनिवार-रविवार गोदामात अडकला की ड्राय आइस उडून जातो आणि बाटलीतलं सीरम वितळतं. ते किती वेळ गरम राहिलं, कुणालाच सांगता येत नाही. पुन्हा गोठवलं तर गाळ धरतं.

पण खरं दुखणं लॉटचं, म्हणजे एका वेळी तयार झालेल्या साठ्याचं आहे. प्रत्येक लॉट वेगळ्या जनावरांचा, त्यातली हार्मोन्स आणि वाढीचे घटक कमी-जास्त. म्हणून दोन-तीन लॉटचे नमुने तपासायचे आणि जमेल त्या लॉटच्या वर्षभराच्या बाटल्या राखून ठेवायच्या. त्यासाठी पैसे वेळेवर हातात लागतात. हप्ता लांबला की मिळेल तो लॉट घ्यावा लागतो. नव्या लॉटवर पेशींच्या वाढीचा वेग बदलतो, निम्म्या पेशी मारणारी औषधाची मात्रा हलते. जुने आकडे नव्यांच्या शेजारी मांडता येत नाहीत. मग कंट्रोलसकट, म्हणजे तुलनेसाठी औषधाविना ठेवलेल्या पेशींसकट, सगळं पुन्हा, तेही तीनदा. तुमच्या मुलीचे महिने इथं जातात, आणि प्रबंधात त्याची एक ओळही येत नाही.

पूर्वी मी म्हणायचे, खरेदीचे नियमच नकोत. आता तसं म्हणवत नाही. सार्वजनिक पैसा आहे, चार भाव बघायलाच हवेत. जून २०२५ मध्ये केंद्रानं वैज्ञानिक खरेदीची कोटेशनविना मर्यादा १ लाखावरून २ लाख केली, ते चांगलंच झालं. पण मर्यादा वाढली म्हणून हप्ता लवकर येत नाही. १८ जुलै २०२२ पासून संशोधन संस्थांची ५ टक्के जीएसटीची सवलत गेली, कर वाढला, तेव्हाही आधी मंजूर झालेल्या रकमा होत्या तेवढ्याच राहिल्या. मग काटकसर कुठं होते? एमएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये. अख्खी बॅच एका फ्लास्कभोवती उभी राहून बघते, हात कुणाचाच बसत नाही.

धाकटीचं नाव नोंदवणार असाल तर गाईडना आधी विचारा, मागचा हप्ता कुठल्या महिन्यात आला, आणि तिची फेलोशिप नेट परीक्षेतून मिळालेली की प्रकल्पातली. जेआरएफ, म्हणजे सुरुवातीची संशोधन फेलोशिप, कागदावर महिना ३७,००० रुपये. प्रकल्पातली असेल तर हप्ता थांबला की तीही थांबते, आणि राजारामपुरीतल्या खोलीचं भाडं मात्र एक तारखेला द्यावंच लागतं.