मधलं बोट आणि दादरा

बेस गिटार बाळगून लातुरात राहणाऱ्याला दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "दोन तारा तुटल्या काय वो?" दुसरा थोडं ऐकून झाल्यावर येतो, "आवाज कधी येणार?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. या वाद्याला ताराच चार, जाडजूड, आणि साध्या गिटारच्या जाड चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या. दुसऱ्याला काय सांगणार? आवाज तर कधीचा येतोय. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. मोबाइलच्या स्पीकरला एवढा खालचा सूर झेपत नाही, आणि भरल्या मैफलीत माणसाच्या कानालाही तो वेगळा काढता येत नाही.

भिंती मात्र तो सूर अडवत नाहीत. वरच्या मजल्यावर नीटची तयारी करणारी पोरं राहतात. एका रात्री त्यातला एक पायऱ्या उतरून आला आणि दारातूनच म्हणाला, "काका, बोअरची मोटर बंद करायची राहिली का?"

इतकी मोठी दाद मला आजवर मिळालेली नाही. मोटर एकदा सुरू झाली की टाकी भरेपर्यंत एका लयीत घुमते. एक फेरा जोरात आणि दुसरा दबका, असं तिचं होत नाही. दोन बोटांना तेवढं जमलं की बेसवाल्याचं निम्मं शिक्षण झालं. उरलेलं निम्मं म्हणजे तेच पुन्हा, दुप्पट लयीत.

सांगायला हे फार किरकोळ वाटतं. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीनं तार ओढणार. एक, दोन, एक, दोन. पण जरा हिशेब मांडून बघा. लय १२० ची धरली, म्हणजे सेकंदाला दोन ठोके, आणि एका ठोक्यात चार आघात बसवायचे ठरवले, तर सेकंदाला आठ आघात होतात. प्रत्येक बोटाच्या वाट्याला चार. दोन आघातांमधलं अंतर १२५ मिलिसेकंद. ते एकदा १४० आणि लगेच ११० झालं की गाणं लंगडायला लागतं. गंमत अशी की कोण लंगडतंय हे मांडवात कुणालाच कळत नाही. सगळे ढोलकीवाल्याकडे बघतात. बेसवाल्याला चुकूनसुद्धा श्रेय मिळत नाही हे खरं, पण दोषही मिळत नाही. या धंद्यातली ही एक मोठी सोय आहे.

अडचण अशी की ही दोन बोटं मुळात बरोबरीची नाहीत. मधलं बोट लांब. हात सरळ ठेवला तर ते तारेत खोल शिरतं, बाहेर यायला उशीर करतं आणि आवाजही जाडसर काढतं. तर्जनी चपळ, पण तिला सगळी कामं आपणच करावीत अशी खोड. ऐकणाऱ्याला मग टम-थप, टम-थप असं ऐकू येतं. यावर बोटांचा व्यायाम करणारे पुष्कळ आहेत. रबरी चेंडू दाबतात, स्प्रिंगचं यंत्र आणतात. माझं मत विचाराल तर त्या पैशांत तारांचा नवा संच येईल. बोटात ताकद कमी आहे ही तक्रारच चुकीच्या खिडकीत लावलेली आहे. मनगट फार न मोडता पंजा किंचित तिरपा केला की लांब बोट आपोआप थोडं मागं येतं आणि दोन्ही टोकं तारेवर एका रेषेत बसतात. तार ओढल्यावर बोट हवेत उधळायचं नाही, शेजारच्या जाड तारेवर जाऊन टेकायचं. तिथून परतीचा रस्ता जवळ. तारेला शिवायचं तेही पेराच्या टोकानं, जेमतेम. जितकं आत शिरावं तितकं बाहेर यावं लागतं, आणि सेकंदाला आठच्या हिशेबात हा येण्याजाण्याचा खर्च परवडत नाही.

जोर लावायची सवय लागते ती अशी. आपल्याकडे लाइट जाते. उन्हाळ्यात तर जाण्याची तिची वेळच येण्यापेक्षा पक्की असते. लाइट गेली की अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा अँप्लिफायर, मुका झाला, आणि विजेशिवाय बेसचा आवाज किती, तर खोलीत पंखा नसेल तरच ऐकू येईल इतका. पंखा बंद असतोच म्हणा. मग स्वतःला तरी ऐकू यावं म्हणून हात नकळत तार हिसकायला लागतो. तासाभरानं वीज येते, अँप बोलू लागतो, हात मात्र हिसकतच राहतो. जोरानं ओढलेली तार पडद्यांवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटून खडखडते, बोट दमतं आणि लय ११० च्या पुढं सरकायला तयार होत नाही. उपाय उलटा आहे. अँपचा आवाज वाढवायचा आणि बोटांचा कमी करायचा. मोठा आवाज काढायचं काम विजेचं, बोटानं फक्त वेळ पाळायची. लाइट नसेल तेव्हा वाद्य डोक्याशी नेऊन त्याच्या लाकडाला कान लावावा. शरीराची मुद्रा चमत्कारिक होते, पण ऐकू स्पष्ट येतं आणि हात शहाणा राहतो.

एवढं कळूनही मधलं बोट वठणीवर येईना, तेव्हा मदत आली ती औसा रोडच्या बाजूला राहणाऱ्या एका मृदंगाचार्यांची. भजनी मंडळात ते पखवाज वाजवतात आणि घरी पोरांना तबला शिकवतात. त्यांना सगळे महाराज म्हणतात, मीही म्हणतो. बेस गिटार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा जवळून पाहिली. डाव्या हाताकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. उजव्या हाताच्या बोटांवर नजर ठेवून मांडीवर ठेका धरला आणि थोड्या वेळानं म्हणाले, "माउली, हे एक बोट तुमचं झोपलंय. चाराचं वाजवायलाव म्हणून झाकलंय. तिनाचं वाजवा."

मी दादरा, म्हणजे तीन-तीनच्या सहा मात्रांचा ताल, वाजवायला लागलो आणि लख्ख उजेड पडला. चार-चारच्या गटात दोन बोटं आळीपाळीनं चालवली की प्रत्येक ठोक्यावर तर्जनीच येते. तीनतालाच्या सोळा मात्रा घ्या, भजनी ठेक्याच्या आठ घ्या, जोराची मात्रा कायम तिचीच. मधलं बोट जन्मभर मधल्या मात्रा भरत राहतं. गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात म्हणून लातूरकराला सोळाचा अभिमान असेल, पण बोटांच्या शिक्षणाला सोळा हा फार कुचकामी आकडा आहे. दादऱ्यात तसं चालत नाही. धा धी ना, धा ती ना. पहिला धा तर्जनीवर येतो, धी मधल्यावर, ना पुन्हा तर्जनीवर. पुढचा धा आपसूक मधल्या बोटाच्या गळ्यात पडतो. आजवर मागच्या बाकावर बसलेल्याला एकदम फळ्यापाशी बोलवावं तशी त्याची अवस्था होते. तो धा इतका मेंगळट वाजला की महाराज हसले.

मग त्यांनी रूपक ताल दिला. सात मात्रा, तीन-दोन-दोन. सात विषम असल्यामुळं पहिलं आवर्तन तर्जनीनं सुरू झालं तर दुसरं मधल्या बोटानं सुरू होतं, तिसरं पुन्हा तर्जनीनं. कुठलंच बोट कुठल्याच मात्रेचं मालक राहत नाही. इंग्रजी वर्णमालेतली अक्षरं आणि बाण काढून बोटांचे क्रम शिकवणारे तक्ते मी पुष्कळ बघितले होते. रूपकाचं एक आवर्तन त्या सगळ्यांचं काम करतं आणि वर ठेका म्हणून ऐकायलाही बरं लागतं.

लयीच्या बाबतीत महाराजांचा हट्ट एकच, आधी ठाय, म्हणजे संथ लय. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० वर लावायचा आणि एका ठोक्याला एकच आघात. चौगुनीत, म्हणजे चौपट लयीत, चूक लपते, ठायीत ती अंगावर येते. दोन आघातांमध्ये एक अख्खा सेकंद मोकळा पडलेला असतो आणि तेवढ्या वेळात बोटाला नको ते सुचतं. लवकर जाऊन तारेवर बसतं, मग तार आधीच बंद होते आणि सुराची शेपटी कापली जाते. वेगात हे कुणाला कळलं असतं? दुगुन, चौगुन त्यानंतर. जिथं दोन आघातांचा आवाज वेगवेगळा यायला लागेल तिथून लय दोन पायऱ्या खाली. हे काम अतिशय कंटाळवाणं आहे आणि ते रंजक करण्याच्या सगळ्या युक्त्या फसव्या आहेत.

एका तारेवरून दुसरीवर जाताना आणखी एक भानगड होते. बारीक तारेकडून जाड तारेकडं येताना बोट ओढल्यावर तिथंच टेकलेलं असतं, मग त्याच बोटानं पुढचा आघात घेऊन टाकावा, आळीपाळीचा हट्ट सोडावा, असं बरेचजण करतात. वेळ वाचतो हे खरं. पण हिशेब तिथं बदलतो आणि पुढच्या ठोक्यावर भलतंच बोट येतं. दोन्ही बोटांना सगळ्या मात्रा येत असतील तर काही बिघडत नाही, म्हणजे पुन्हा रूपकच. अंगठा मात्र एका जागी खिळवून ठेवू नये. बारीक तारांवर काम चाललं असेल तेव्हा त्यानं खाली सरकून रिकाम्या जाड तारांवर पडून राहावं, नाहीतर त्या आपल्या मनानंच घुमत बसतात.

एप्रिल-मेमध्ये हे सगळं पहाटेच करावं लागतं. नऊनंतर बोटांना घाम येतो, तार चिकटते आणि पुढच्या आठवड्यापर्यंत तिची झळाळी गेलेली असते. पहाटेचा आणखी एक फायदा म्हणजे गल्लीतली डीपी. आपल्या विजेची वारंवारता ५० आणि ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुपटीनं, म्हणजे १०० नं गुणगुणतो. बेसची सगळ्यात बारीक तार मोकळी वाजवली तर ९८. डीपी किंचित चढी आहे, पण पहाटेच्या शांततेत तानपुरा म्हणून चालते. बिलही येत नाही.

थोरांची उदाहरणं अशा वेळी फारशी उपयोगी पडत नाहीत. गिटार बनवणारे लिओ फेंडर यांनी पडद्यांची विजेवरची बेस १९५१ मध्ये बाजारात आणली, त्याच वर्षी डिसेंबरात बेसवादक जॅको पास्टोरियस जन्मले, आणि पुढं त्यांनी ब्रिजजवळच्या, म्हणजे तारा जिथं वाद्याच्या अंगावर टेकतात तिथल्या, ताठ तारेवर इतकं स्वच्छ आणि वेगवान वाजवलं की पिढ्याच्या पिढ्या आपला हात उजवीकडं सरकवून बसल्या. आयर्न मेडन या रॉक बँडचे स्टीव्ह हॅरिस घोड्याच्या टापांची चाल दोनच बोटांनी तासन् तास रेटतात. आणि या दोघांच्याही आधी डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत बसून १९६० च्या दशकातली कितीतरी गाजलेली गाणी ज्यांनी वाजवली ते जेम्स जेमरसन. बरीच वर्षं रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांचं नावही नव्हतं. ते सगळं वाजवायचे फक्त तर्जनीनं. त्या बोटाला लोक 'द हुक' म्हणायचे. एकच बोट असल्यामुळं दोन बोटांत फरक पडायचा प्रश्नच नव्हता.

हे मी महाराजांना मोठ्या कौतुकानं सांगितलं. ऐकायलाही दिलं. डोळे मिटून त्यांनी अख्खं गाणं ऐकलं, मांडीवरचा ठेका एकदाही हलला नाही. मग डोळे उघडून म्हणाले, "एका बोटात एवढं होतंय, तर तुम्ही दुसरं कशाला लावलंय वो, माउली?" आणि उत्तराची वाट न बघता रूपक धरला, या खेपेला सुरुवात मधल्या बोटानं करा म्हणाले.