लोकेशनला तीन स्टार: आमची वाटचाल

नवी मुंबईत पाहुणा येतो तो नवी मुंबई बघायला नव्हे. लग्नाला येतो, प्रवेश परीक्षेला येतो, मुलाखतीला, मॅचला, हॉस्पिटलात येतो. आणि काही जण येतात मुंबई बघायला, पण मुंबईतले भाव बघून खाडीच्या या बाजूला उतरतात. आमचा धंदा म्हणजे एअरबीएनबी या वेबसाइटवरून पाहुण्यांना थोड्या दिवसांसाठी फ्लॅट भाड्याने देणं, आणि तो या सगळ्यांवर चालतो. डोकेदुखी मात्र बहुतेक करून शेवटच्या गटाकडून येते.

आमची फर्म म्हणजे मी, माझे धाकटे दीर आणि साफसफाईचं सगळं बघणाऱ्या मावशी. फ्लॅट तीन. खारघरचा घरचा आहे, सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेला. नेरूळचा आणि उलव्याचा लिव्ह अँड लायसन्सवर, मालकांची लेखी परवानगी घेऊन. सुरुवात खारघरपासून झाली. भाडेकरू सोडून गेला, नवा मिळेना, रिकाम्या घराचा मेंटेनन्स भरावा लागत होता, तेव्हा भाऊजींनी फोटो काढून लिस्टिंग टाकलं. सोसायटीची परवानगी, गेटवरची नोंदवही, परदेशी पाहुणा आलाच तर त्याची सरकारकडे नोंद करायला २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायचा फॉर्म सी, हे सगळं अंगवळणी पडायला काही महिने गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरेल, म्हणून राहू दे.

आमच्या घरातला कायमचा वाद लोकेशनच्या स्टारवरून आहे, आणि या धंद्यात आम्ही जे काही बदल केले ते बहुतेक त्या वादातूनच.

बाहेरच्यांसाठी थोडं समजावून सांगते. एअरबीएनबीवर मुक्काम संपला की पाहुण्याला अभिप्राय लिहायला १४ दिवस मिळतात. एकूण स्टार वेगळा द्यायचा असतो, आणि त्याशिवाय स्वच्छता, वर्णनाशी जुळणी, चेक-इन, संवाद, लोकेशन आणि पैशाचा मोबदला या सहा गोष्टींचे वेगवेगळे. एकूण स्टार या सहांची सरासरी नसते. चांगल्या यजमानांना मिळणारा सुपरहोस्टचा बिल्ला टिकवायचा तर वर्षभरातली सरासरी निदान ४.८ हवी, आणि ती मोजतात एकूण स्टारवरून. म्हणजे कागदावर पाहिलं तर लोकेशनला कोणी तीन दिले म्हणून आमचं काही बिघडत नाही.

प्रत्यक्षात ज्याने लोकेशनला तीन दिले, तो एकूण स्टार देताना पाचाचे चार करतो. चार म्हणजे चांगलंच की, असं त्याला मनापासून वाटतं. शाळेत ऐंशी टक्के पडले तर लोक पेढे वाटतात! इथे एक चार भरून काढायला चार वेळा पाच मिळावे लागतात, तेव्हा कुठे सरासरी ४.८ वर येते. कोणी तीन दिले तर नऊ वेळा पाच. आमच्यासारख्या तीन फ्लॅटवाल्यांना हा हिशोब अंगावर येतो.

आणि तक्रार काय? ‘घर छान, स्वच्छ, ताईंनी सगळं नीट सांगितलं, पण गेटवे फार लांब आहे.’ आहेच लांब. खारघरहून हार्बर लोकलने सीएसएमटीला सव्वा तासाच्या आसपास लागतो, शिवाय आमच्या घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षा. रविवारी मेगाब्लॉक असला तर विचारायलाच नको. कित्येकांना मेट्रोचा खांब दिसतो आणि वाटतं ही थेट मुंबईला जाते. ती बेलापूर ते पेंधर एवढीच आहे, नोव्हेंबर २०२३ पासून चालू झाली, आणि खारघरच्या रेल्वे स्टेशनला ती जोडलेलीही नाही.

माझं म्हणणं पहिल्यापासून असं की हा स्टार अन्यायाचा आहे. चादरीवर डाग असला तर माझी चूक. गीझर बंद असला तर माझी चूक. गेटवे ऑफ इंडिया अपोलो बंदरावर आहे यात माझा काय हात? शिवाय लांब असल्याची सूट भाड्यात आधीच दिलेली असते. कुलाब्यात याच पैशात काय मिळतं ते त्या माणसाने पाहिलेलं असतं, म्हणून तर तो इकडे आला. सूट खिशात घालायची आणि वर त्याच कारणासाठी स्टारही कापायचा, म्हणजे आमच्याकडून एकाच गोष्टीची दोनदा वसुली.

भाऊजी हिशोबाचे. ते शांतपणे म्हणाले, “वहिनी, उलव्याचा फ्लॅट आपण का घेतला? नेरूळच्या मानाने भाडं कमी होतं म्हणूनच ना? मग लांब असल्याची सूट आपणही खिशात घातलीच की. जागा पाहुण्याने निवडली तशी आपणही निवडली.”

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण उत्तर नाही. फक्त एक गोष्ट मी त्यांना वर्षभराच्या अभिप्रायांवरून दाखवून दिली: लोकेशनचा स्टार जागेला मिळतच नाही. तो मिळतो पाहुण्याच्या कामाला.

खारघरचाच फ्लॅट घ्या. सेक्टर २२ मध्ये ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं कॅन्सरवरचं हॉस्पिटल आणि संशोधन केंद्र, आहे. प्रोटॉन उपचार तिथे होतात, अस्थिमज्जा प्रत्यारोपण तिथे होतं. रेडिएशनसारखे उपचार आठवड्याचे पाच दिवस आणि कित्येक आठवडे चालतात. बंगाल, आसाम, बिहारमधून आलेली कुटुंबं आमच्याकडे राहतात. त्यांना समुद्र नको असतो, गेटवे नको असतो. गॅसची शेगडी हवी, पेशंटला चालेल असं पाणी हवं, लिफ्ट हवी, आणि सकाळी हॉस्पिटलात वेळेवर पोचता आलं पाहिजे. ही माणसं लोकेशनला पाच देतात, आणि न चुकता देतात. आदल्याच आठवड्यात त्याच घराला, त्याच पत्त्याला, कोणीतरी तीन दिलेले असतात.

नेरूळचं तसंच. जानेवारी २०२५ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, १८, १९ आणि २१ तारखेला. त्या दिवसांत नेरूळला झोपायला जागा मिळाली तरी माणूस खूश होता. २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाची अंतिम मॅच तिथेच झाली, भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. मध्यरात्रीनंतर पाहुण्या मुली चालत घरी आल्या, अंगात अजून निळ्या जर्सी. दुसऱ्या दिवशी लोकेशनला पाच! आता यात आमचं कर्तृत्व काय? एरवी त्याच गल्लीबद्दल लोकांनी लिहिलं आहे की आजूबाजूला बघण्यासारखं काही नाही.

उलव्याने तर माझा मुद्दाच पार उलटा करून टाकला. उलव्याच्या खारकोपर स्टेशनपर्यंत लोकल २०१८ मध्ये आली, पुढे उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये. पण गाड्या मोजक्या, एक चुकली की बसा फलाटावर. खाडीपलीकडे मुंबईत शिवडीला नेणारा अटल सेतूही त्याच महिन्यात खुला झाला, मात्र गाडीला एका फेरीचा टोल २५० रुपये, त्यात रिक्षा आणि दुचाकीला प्रवेश नाही. पाहुण्याला नकाशावर शिवडी समोरच दिसायची, आणि टॅक्सीचं बिल बघून तो आमच्यावर चिडायचा. धूळ होती, डंपर होते. लोकेशनला तीन, क्वचित दोन.

८ ऑक्टोबर २०२५ ला उलव्याजवळच्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. आम्ही घरात एक खिळासुद्धा नवा ठोकला नव्हता. पण सकाळचं विमान गाठायचं म्हणून रात्रीपुरते उतरणारे पाहुणे येऊ लागले आणि लोकेशनला सरळ पाच पडायला लागले. भाऊजींनी फोनवर ते स्टार दाखवून विचारलं, “काय वहिनी, हा पण अन्यायच का?” मी चहा ठेवायला उठले.

तरी मी माझं म्हणणं सोडलेलं नाही, जरा बारीक केलं आहे. लोकेशनमध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक अंतर, जे पाहुण्याला निघण्याआधी कळू शकतं. दुसरं म्हणजे जे नकाशावर दिसत नाही ते: स्टेशनपासूनचा रस्ता रात्री उजेडाचा आहे का, कुत्री मागे लागतात का, समोरच्या प्लॉटवर पाइलिंग चालू आहे का, एकटी बाई अकरा वाजता रिक्षाने आली तर रिक्षावाला आतपर्यंत येतो की कोपऱ्यावर सोडतो. या दुसऱ्या गोष्टींवर कोणी स्टार कापला तर मला तो मान्य आहे. पुढच्या पाहुण्याला ते कळायलाच हवं, आणि मलाही. नेरूळला एकीने गल्लीतल्या अंधाराबद्दल लिहिलं, तेव्हा आम्ही सोसायटीशी बोलून कंपाउंडवर दिवा लावून घेतला आणि उशिरा येणाऱ्यांना कोणत्या बाजूने यायचं त्याचा व्हिडिओ पाठवायला लागलो. अशा स्टारचा उपयोग होतो. अंतराच्या स्टारचा मला काय उपयोग? मी इमारत उचलून फोर्टात नेऊन ठेवू शकत नाही.

पाहुण्याच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, तो भाऊजींचाच. पक्का पत्ता बुकिंग झाल्यावर मिळतो. त्याआधी बहुतेक लिस्टिंगवर नकाशात अंदाजे जागा दिसते. आणि शोधताना मुंबई टाकलं तरी आम्ही त्यात दिसतो. कोलकात्याच्या किंवा इंदूरच्या माणसाला मुंबई आणि नवी मुंबई यांत एक अख्खी खाडी आहे हे कुठून कळणार? नावात मुंबई आहे, एवढं त्याला पुरतं.

म्हणून आमच्या लिस्टिंगमध्ये आता ‘मुंबईच्या जवळ’ वगैरे काही नाही. पहिल्याच ओळीत लिहिलं आहे की गेटवे, मरीन ड्राइव्ह बघायला येत असाल तर हे घर तुमच्यासाठी नाही. त्याखाली हॉस्पिटल, स्टेडियम, विमानतळ, वाशीचं प्रदर्शन केंद्र, प्रत्येकाला किती वेळ आणि कशाने. मिनिटं लिहिली आहेत, किलोमीटर नाहीत, कारण सायन-पनवेल रस्त्यावर किलोमीटरला काही अर्थ नसतो. उलव्याला इन्स्टंट बुकिंग बंद ठेवलं आहे. आधी विचारतो, कशासाठी येताय? उत्तर ‘मुंबई दर्शन’ असेल तर मीच सांगते की दादर किंवा कुर्ल्याकडे बघा. यात बुकिंग जातात. भाऊजी दर महिन्याला गेलेल्या रात्री मोजून दाखवतात, मी त्या महिन्याचे स्टार दाखवते. अजून कोणी हरलेलं नाही.

सुपरहोस्टचा बिल्ला सध्या तिन्ही घरांच्या जिवावर टिकून आहे, त्यातही ॲक्ट्रेकच्या कुटुंबांचा वाटा मोठा. त्यांच्यासाठी खारघरला लांबच्या मुक्कामाचं भाडं वेगळं केलं, स्वयंपाकघरात कुकर आणि मिक्सर ठेवला, आणि सीझनमध्ये दुप्पट भाव मिळत असला तरी त्यांची बुकिंग आम्ही हलवत नाही.

चौथ्या घराचा विचार होता, पनवेलला. तो तूर्त बाजूला पडलाय, कारण उलव्याचा करार संपत आला आणि मालकांचा फोन आला. भाडं बरंच वाढवून मागतात. मी म्हटलं, काका, घरात तर काही बदललं नाही, रंगसुद्धा आम्हीच काढला. ते म्हणाले, “अहो, लोकेशन बघा ना!”

भाऊजी आता आकडे मांडून बसलेत. पाच स्टारांचे पैसे मालकांना किती द्यायचे ते एकदा ठरलं की पनवेलचं बघू.