सीको ९९४३ ला विदर्भाचा मे महिना दाखवला

मंडळी, गेल्या नोंदीत माझं सीको ९९४३ हे ट्विन क्वार्ट्झ, म्हणजे दोन स्फटिकांचं मनगटी घड्याळ, बंद होतं. आता चालतंय, आणि कसं चालतंय ते सांगायलाच बसलोय.

आधी दुरुस्ती. झाकण उघडलं तर जुना सेल पाझरून त्याला टेकणाऱ्या धातूच्या पट्टीवर पांढरट-हिरवा थर साचलेला. हा द्रव अल्कली, म्हणून कापसाच्या काडीला थेंबभर व्हिनेगर लावून पुसलं, मग स्पिरिट. काटे फिरवणाऱ्या मोटरच्या कॉइलच्या आसपास मात्र श्वास रोखूनच काम. केसाहून बारीक तार ती! मागे एका कारागिराकडे दिलेलं दुसरं घड्याळ कॉइल तुटूनच परत आलं होतं. तेव्हापासून क्वार्ट्झ मी कुणाच्या हाती देत नाही.

सिरीयल नंबरचे पहिले दोन आकडे ८ आणि ९, म्हणजे सप्टेंबर १९७८. याच वर्षी ट्विन क्वार्ट्झ बाजारात आलं. वाराच्या चकतीवर जपानी कांजी अक्षरं आहेत, शनिवार निळा, रविवार लाल. मी मुद्दाम इंग्रजीवर आणलेली नाही.

आता खरी गंमत. साध्या क्वार्ट्झ घड्याळातला ३२,७६८ हर्ट्झचा (सेकंदाला तितक्या वेळा कंपणारा) स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वात वेगानं चालतो. त्याहून गरम असो वा थंड, मागेच पडतो. शिवाय हा फरक २५ पासूनच्या अंतराच्या वर्गानं वाढतो. १० अंश दूर गेलं की दिवसाला सुमारे ०.३ सेकंद. ९९४३ मध्ये म्हणून दुसरा स्फटिक बसवला, तापमान ओळखायला. त्यावरून सर्किट पहिल्याची चूक भरून काढतं. कंपनीचा दावा वर्षाला ±१० सेकंदांचा.

दाव्याची परीक्षा घ्यायला नागपूरच्या गच्चीवरच्या खोलीइतकी चांगली जागा नाही. दुपारी ४१-४२, पहाटे ३१. लोखंडी कपाटावर २१ दिवस हे आणि एक साधं क्वार्ट्झ, अशी दोन घड्याळं शेजारी ठेवली. लॅपटॉप दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवला आणि सेकंद काट्याची उडी लॅपटॉपच्या वेळेसोबत फोनवर सेकंदाला २४० फ्रेमनी टिपली. एक फ्रेम ४ मिलिसेकंदांची, पण लॅपटॉपचा पडदाच ६० हर्ट्झचा, तेव्हा ०.०२ सेकंदाच्या आतलं काही मी मोजतोय असं मानू नका.

साधं घड्याळ मनगटावर असताना दिवसाला ०.२ सेकंद पुढे जायचं. कपाटावर २१ दिवसांत ४.३ सेकंद मागे! ट्विन क्वार्ट्झ ०.३४ सेकंद पुढे. वर्षाच्या हिशोबात सहाच्या आत. आकडा पाहून मी फीत तीनदा मागे नेली. बायको म्हणाली, "एवढ्या वेळात पंखा दुरुस्त झाला असता."

ट्रिमरला, म्हणजे वेग जुळवायच्या स्क्रूला, अजून हात लावलेला नाही, लावणारही नाही. डिसेंबरात पहाटेचा पारा १० च्या जवळ आला की हीच जोडी पुन्हा गच्चीवर जाईल. तोवर नवीन सेल किती महिने टिकतो, तेवढंच टिपून ठेवतोय.