कोरड्या हातांची माणसे

परवा दुपारी कामानिमित्त एक गृहस्थ भेटायला आले होते. बोलणे आटोपले, दोघेही उठून उभे राहिलो, हस्तांदोलन झाले आणि ते दाराकडे वळले. वळता वळता त्यांचा उजवा हात, खिशातला रुमाल चाचपावा इतक्या सहजपणे, पँटच्या शिवणीवरून वरून खाली फिरला. तळवा आतल्या बाजूला होता. हे सारे जेमतेम एका सेकंदात घडले असेल. पण आयुष्यभर ज्याचे तळहात ओले राहिले आहेत, त्याची नजर अशा सेकंदांसाठीच तयार झालेली असते. आपल्याकडे हात ओले होणे म्हणजे चार पैसे मिळणे. माझे हात लहानपणापासून ओले आहेत आणि त्यातून आजवर काहीही मिळालेले नाही.

वाईट एवढ्याचेच वाटले, की हातावरून माणूस ओळखण्याचा छंद माझा. समोरून आलेला हात मी हातात घेतो आणि तो सुटेपर्यंत त्याच्या मालकाविषयीचे मत बनवून मोकळा होतो. हस्तांदोलन हा शब्द ज्याने रूढ केला, त्याला हे प्रकरण साधे नाही हे कळले असावे. आंदोलन म्हणजे मुळात नुसते हेलकावणे. पण ऐकताना मात्र मागण्या मान्य होईपर्यंत हात सोडायचा नाही असेच काहीतरी वाटते, आणि तशी माणसे भेटतातही. प्रकृती, मुलांची शिक्षणे, मागच्या भेटीत अर्धवट राहिलेला विषय असे सगळे होईपर्यंत आपला हात त्यांच्या ताब्यात असतो आणि तो परत कसा मागावा, याचे सभ्य वाक्य अजून कोणाला सुचलेले नाही. काही जण समोरच्याचा हात हापशाच्या दांड्यासारखा वरखाली करतात आणि पाणी लागेपर्यंत थांबत नाहीत. (माझ्या बाबतीत ते लगेच लागते, ही गोष्ट वेगळी.) काही जण चारच बोटे पुढे करतात आणि आपण ती नीट धरायच्या आत काढून घेतात, हात आखडता घेणे या वाक्प्रचाराचा उगम अशाच एखाद्या भेटीत झाला असेल. सर्वांत वाईट तो, ज्याची पकड उत्तम असते, पण नजर आपल्या खांद्यावरून पलीकडे, आपल्यापेक्षा महत्त्वाचे कोणी आले आहे का, हे शोधत असते.

एका वरिष्ठ सहकाऱ्यांच्या बाबतीत मात्र माझी विद्या पुरती फसली. त्यांचा हात हातात आला की तो त्यांनी दिलेला नसून कोणीतरी तिथे विसरून गेले आहे, असे वाटे. या माणसाला कोणाचे सोयरसुतक नाही, असा निकाल मी पहिल्याच भेटीत दिला आणि दोन वर्षे तो कायम ठेवला. मग एके दिवशी बैठकीत त्यांनी पाण्याची बाटली दोन्ही तळव्यांत धरून थोडा वेळ झटापट केली आणि शेवटी ती माझ्यापुढे सरकवली. "जरा उघडून देता का? सकाळच्या वेळी बोटे वळत नाहीत," ते म्हणाले. संधिवात होता. दोन वर्षे रोज सकाळी मी माझ्या त्या आत्मविश्वासपूर्ण वगैरे पकडीने त्यांची बोटे आवळत आलो होतो आणि त्यांनी एकदाही हात मागे घेतला नव्हता. मी झाकण उघडून दिले. बोललो काहीच नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा हात हलकेच धरू लागलो, एवढेच.

घट्ट पकडीचा हा आग्रह माझ्यात घरून आलेला आहे. चौथीत असताना निबंधस्पर्धेत मला बक्षीस मिळाले. ते पाहुण्यांच्या हस्ते मिळणार आणि पाहुणे हस्तांदोलन करणार, ही बातमी घरी पोचली, तेव्हा बाबांनी ती निबंधापेक्षा गंभीरपणे घेतली. बोटे नाही, तळवा द्यायचा. अंगठ्याचे बेचके समोरच्याच्या बेचक्याला भिडले पाहिजे. आणि डोळ्यांत बघायचे, बुटांकडे नाही, असे तीन नियम मला शिकवण्यात आले. सराव आधी कपाटाच्या मुठीवर झाला, मग ताईवर. ताई पाहुणी होऊन खुर्चीत बसली, मी पुढे झालो, तिने माझा हात धरला आणि झटक्यात सोडून दिला. "ई! हात आहे की बादलीतून काढलेला स्पंज?" माझ्या हाताचे आजवर झालेले हे एकमेव प्रामाणिक परीक्षण. त्यानंतर कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत मी दर पाच मिनिटांनी हात चड्डीला पुसत होतो आणि जितका पुसत होतो तितका तो अधिक ओला होत होता.

प्रत्यक्ष व्यासपीठावर काय झाले, ते फोटोत आहे. प्रमाणपत्र डाव्या हाताने घ्यायचे आणि उजवा मोकळा ठेवायचा, हे चौथे कलम बाबा शिकवायला विसरले होते. मी प्रमाणपत्र उजव्या हाताने गच्च धरले, पाहुण्यांचा उजवा हात हवेत आला, काय करावे न कळून त्यांनीही प्रमाणपत्राचेच दुसरे टोक धरले आणि त्याच क्षणी फ्लॅश उडाला. फोटोत आम्ही दोघे एका कागदासाठी भांडत असल्यासारखे दिसतो. त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. वाटली ती सुटका.

तळहाताचा घाम उकाड्याला फारसा जुमानत नाही, तो मनाच्या हुकमावर येतो, हे मला पुष्कळ उशिरा कळले. खोटे पकडण्याच्या यंत्रात बोटांना तारा जोडतात, त्या या घामामुळे त्वचेतून जाणाऱ्या विजेत होणारा फरक टिपण्यासाठीच. म्हणजे ज्या प्रसंगी आपण निर्धास्त आहोत असे समोरच्याला भासवायचे असते, नेमक्या त्याच प्रसंगी माझा हात त्याच्या हातात जाऊन सगळे कबूल करून टाकतो.

अलाबामा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ११२ जणांचे हस्तांदोलन चार प्रशिक्षित परीक्षकांकडून तपासून घेतले होते. पकडीचे बळ, जोम, कालावधी, नजर, हाताची ऊब, कोरडेपणा अशा गोष्टींना त्यांनी गुण दिले. घट्ट हात देणारी माणसे अधिक मोकळी आणि बोलकी, तर ढिला हात देणारी अधिक बुजरी, असे सर्वसाधारणपणे आढळले. म्हणजे बाबांचे नियम अगदीच निराधार नव्हते. मला मात्र त्यात भलत्याच गोष्टीने दिलासा दिला. घट्ट हस्तांदोलनाचा जो एकत्रित गुणांक त्यांनी काढला, त्यात ऊब आणि कोरडेपणा धरलेलाच नव्हता. वर्गातल्या एखाद्या नावडत्या विषयाचे गुण बेरजेत धरले जाणार नाहीत असे कळल्यावर मुलाला जे वाटते, तेच मला वाटले. पुढे २०१५ साली इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी छुप्या कॅमेऱ्याने टिपले, की हस्तांदोलनानंतर माणसे नकळत तो हात नाकाजवळ नेतात. त्या मानाने माझ्या पाहुण्यांनी तो नुसता पँटला पुसला, हे सभ्यपणाचेच म्हणायचे.

बगदादच्या संग्रहालयात असिरियाचा राजा तिसरा शाल्मनेसर याच्या सिंहासनाचा दगडी चौथरा आहे. इसवी सनपूर्व नवव्या शतकातल्या या शिल्पात तो बॅबिलोनच्या राजाशी हस्तांदोलन करताना कोरलेला आहे. मी त्याचे छायाचित्र पुष्कळ वेळ पाहिले. दोघेही ताठ उभे आहेत, दाढ्या व्यवस्थित आहेत, मैत्री पक्की झालेली दिसते. पण कोणाचा तळवा ओला होता, ते दगडात उतरलेले नाही. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १ जानेवारी १९०७ रोजी एका दिवसात ८,५१३ लोकांशी हस्तांदोलन केले होते. त्या हातांनी त्यांना कोणाविषयी काय सांगितले असेल, असा विचार करताना मला रांगेत शेवटी उभ्या असलेल्या, मिनिटामिनिटाला हात पुसणाऱ्या कोणा एकाचीच काळजी वाटते. आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी १९५४ साली जिनीव्हात चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याशी हस्तांदोलन करण्याचे टाळले, ते चीनमध्ये इतके लक्षात राहिले, की १९७२ साली पेकिंगला (म्हणजे आजच्या बीजिंगला) विमानातून उतरताना अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी आधी आपला हात पुढे केला. न दिलेला हातही अठरा वर्षे बोलत राहतो तर!

मग २०२० साल आले आणि हस्तांदोलनच बंद झाले. संसर्गजन्य रोगांचे अमेरिकी तज्ज्ञ अँथनी फौची यांनी तर त्या एप्रिलमध्ये, माणसांनी यापुढे कधीच हस्तांदोलन करू नये, असे मत दिले. चोहीकडे इतके दुःख असताना माणसाने असल्या गोष्टीत आनंद मानू नये, हे मला कळते. पण कोपराला घाम येत नाही. दीड-दोन वर्षे मी लोकांना कोपर लावत हिंडलो आणि कोणाविषयी काहीही मत न बनवता भेटत राहिलो. ती भेटण्याची सवय बरी होती असे आता वाटते, तरी पहिला हात पुन्हा पुढे आला तेव्हा मी तो धरलाच, आणि धरताक्षणी गुण द्यायला सुरुवातही केली.

त्या पँट पुसणाऱ्या गृहस्थांचाच विचार अजून डोक्यातून जात नाही. काल रात्री एकदम शंका आली, की त्यांनी पुसला तो घाम माझाच कशावरून? तेही नव्या कामासाठी आलेले होते, खुर्चीच्या कडेवर बसले होते, दोनदा पाणी प्यायले होते. दोन ओले तळवे एकत्र आल्यावर ओल कोणाची, हे तिऱ्हाइताला तर नाहीच, पण त्या दोघांनाही सांगता येणार नाही. कदाचित इतकी वर्षे तेही माझ्यासारखेच दाराकडे वळल्यावर हात पुसत आले असतील, आणि मी पाहत होतो हे त्यांच्याही लक्षात आले असेल.

सोमवारी ते पुन्हा यायचे आहेत. उजव्या हातात फाईल धरून उभे राहावे, असे मी सध्या तरी ठरवले आहे.