तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या हुशार एआयला तू लिहून काय देतोस?

गावाकडचं लग्न असो, वकिलांचं ऑफिस असो, परवा तर कटिंगच्या दुकानात, लातुरात मला हा प्रश्न ठरलेला आहे. "एआयला सगळं कळतंय म्हणायलेत, मग तू दिवसभर त्याला काय समजावून सांगायलास?" मामांनी तर वर विचारलं, "आणि त्याचे पैसे देतेत?" देतात मामा, उशिरा देतात पण देतात.

तर काम असं आहे की इथल्या काही वकिलांनी मिळून जमिनीच्या दाव्यांसाठी जमवलेली जुनी कागदपत्रं स्कॅन करून ठेवलीत, फेरफार, सातबारे, खासरा पत्रकं, सेतवार, निकालांच्या नकला, सगळं एका सर्व्हरवर. त्यात एआय एजंटने, म्हणजे दिलेलं काम स्वतः पायरी-पायरीने करणाऱ्या एआयने, शोधायचं आणि वकिलाला उत्तर द्यायचं. आता एजंट काही स्वतः फोल्डर उघडून बघत बसत नाही, त्याला आपण टूल देतो, एक शोधायचं, एक उघडायचं. त्या टूलचं त्याला दिसतं काय, तर नाव, वर्णन, आणि कुठल्या रकान्यात काय भरायचं ते. बस. आतला कोड त्याला दिसत नाही, मी रात्री दोनपर्यंत जागून तो किती भारी लिहिलाय याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. अँथ्रोपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये एमसीपी, म्हणजे एआयला टूल जोडायची एक ठरलेली पद्धत, आणल्यापासून टूल जोडायची पद्धत बरीचशी सारखी झाली, पण वर्णनात काय लिहायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं. आणि मी पहिल्यांदा काय लिहिलं होतं? "कागदपत्रं शोधतं." मला वाटलं झालं की, अजून काय करतंय ते.

मग एका वकीलसाहेबांनी हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावाचा 1978 चा फेरफार मागितला. एजंटने जिल्हा हिंगोली, साल 1978 असं भरलं, शून्य आलं, आणि त्याने ठासून सांगितलं की असा फेरफार उपलब्ध नाही. साहेबांनी पक्षकाराला तेच सांगितलं. पक्षकार म्हातारा माणूस, तो हटूनच बसला की फेरफार झालेला मला पक्का माहिती आहे, मी तलाठ्याकडं बापासोबत गेलतो. आणि कागद होता हो, आमच्याच सर्व्हरवर होता, परभणीखाली. कारण हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999 ला, त्याआधी ते सगळं परभणीत, आणि जिल्ह्याच्या रकान्यात आम्ही कागदावर जे होतं तेच भरलेलं.

साहेब तापले. मी आधी एआयलाच शिव्या दिल्या, खोटं कशाला बोलू. मग डोकं थंड झाल्यावर वाटलं, एखादं नवीन पोरगं रेकॉर्ड रूमला लावलं, हातात किल्ली दिली आणि "इथं कागद असतात" एवढंच सांगितलं, तर त्याने तरी काय वेगळं केलं असतं?

म्हणून ओळखीचे एक काका, तहसीलच्या रेकॉर्डमधून रिटायर झालेले, त्यांना गाठलं. चहा सांगितला, वही उघडली. ते बोलत गेले आणि मी लिहीत गेलो, की 1982 च्या आधीचं लातूर उस्मानाबादेत बघ, म्हणजे आताचं धाराशिव, 1981 च्या आधीचं जालना बरंचसं औरंगाबादेत, निजामाच्या काळातल्या कागदावर फसली साल असतंय त्यात 590 मिळव, 1317 फसली म्हणजे 1907-08, आणि नुसतं वडगाव म्हणू नको रे, वडगाव किती हैत, आधी तालुका सांग. यातलं एक अक्षर माझ्या कोडमध्ये नव्हतं. सगळं काकांच्या डोक्यात, आणि ते रिटायर.

आता वर्णनात हे आहे. वाक्यं मी इंग्रजीत लिहितो कारण देवनागरीला टोकन, म्हणजे एआय मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते, जास्त लागतात, पण फेरफार, खासरा हे शब्द कागदावर आहेत तसेच ठेवतो, कारण मी फेरफारला इंग्रजीत म्युटेशन लिहिलं की एजंट त्याच शब्दाने शोधायला जातो आणि आमच्या कागदांत तो शब्दच नाही. जिल्ह्याच्या रकान्यापुढं लिहिलंय की कागद झाला तेव्हाचा जिल्हा भर, आजचा नाही. फसली सालाला वेगळा रकाना केला. आणि सगळ्यात जास्त वेळ गेला तो शून्य निकालावर: शून्य आलं म्हणजे कागद नाही असं समजू नको, उर्दू आणि मोडी पानांचा मजकूर शोधता येत नाही, त्यांची नुसती यादी आहे, तिथं गाव आणि सालावरून बघ, आणि तरी नाही मिळालं तर वकिलाला "नाही" म्हणायच्या आधी कुठं कुठं बघितलं ते सांग.

अजून एक खोड होती. शोधायचं टूल कागदाच्या पहिल्या दोनच ओळी देतं, आणि एकदा एका वाटणीपत्राच्या तेवढ्याच ओळींवरून एजंटने कुणाला किती हिस्सा ते सांगून टाकलं! आता लिहिलंय की उत्तर द्यायच्या आधी उघडायच्या टूलने पूर्ण कागद वाच, आणि एका वेळी 20 च निकाल येतात, पुढचं पान मागव.

मध्ये मी वाहवत पण गेलो. वर्णन दोन पानांचं झालं, फेरफारला वेगळं टूल, खासऱ्याला वेगळं, अशी पाच टूलं झाली, आणि कुठलं कधी वापरायचं यातच एजंट घोटाळायला लागला, शिवाय ही सगळी वर्णनं दर संभाषणात सोबत जातात, त्याचं बिल येतं ते वेगळंच. परत शोधायचं एकच टूल केलं. काकांनी जिथं जिथं आवाज चढवून सांगितलं होतं तेवढंच ठेवलं, माझी हुशारी काढून टाकली.

नंतर तोच 1978 चा प्रश्न टाकला. हिंगोलीत शून्य आल्यावर एजंट स्वतःच परभणीत गेला आणि फेरफार घेऊन आला. काकांना मोबाईलवर दाखवलं. "परभणीला गेला का? बरं," एवढंच बोलले, आणि लगेच म्हणाले, मग आता माझ्या बांधाचं विचार. विचारलं. एजंटने इमानदारीत तीन ठिकाणी बघितलं, उर्दूची यादी पण बघितली, आणि कुठं कुठं बघितलं ते सांगून म्हणाला की कागद असू शकतो, जुना जिल्हा सांगता का. आता आमच्या सर्व्हरवर काकांच्या अख्ख्या तालुक्याचा एकही कागद नाही, असणारच नाही, त्या तालुक्यातली केसच कधी आलेली नाही. कुठले तालुके आमच्याकडं आहेत हे मी वर्णनात लिहिलंच नव्हतं. ते आज सकाळी लिहिलं.