बफेलोमॅन माझा!

परवा माळा आवरताना ती व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट सापडली आणि डोक्यात एकदम चवथ, म्हणजे आमची गणेश चतुर्थी, सुरू झाली. गोव्यात डिचोलीच्या घरात पाच दिवस सगळी भावंडं जमायची, आत बाया नेवऱ्या तळताहेत आणि आम्ही बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर मांडी घालून किन्निकुमान. तेव्हा हे नाव कोणाला ठाऊक होतं, आम्ही त्याला नुसतं 'जोडी कुस्ती' म्हणायचो!

बांदाई या जपानी कंपनीने 1985 साली फॅमिकॉमसाठी, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रासाठी, काढलेला हा गेम, जपानी कॉमिकवरून घेतलेला. आठ पैलवान, त्यातले दोन निवडायचे, एक रिंगणात, दुसरा बाहेर उभा. पैलवान दिसायला ठेंगणेठुसके, डावपेच मोजकेच, खरं सांगायचं तर गेम तसा कच्चाच आहे. पण सगळी मजा त्या गोळ्यात! मध्येच बाहेरून एक चमकता गोळा रिंगणात येतो, तो ज्याने पकडला त्याचा पैलवान सुसाट सुटतो आणि त्याचा खास डाव मारता येतो. मग कुस्ती गेली खड्ड्यात, दोघेही गोळ्यामागे.

बफेलोमॅन शिंगं रोखून धावत यायचा म्हणून त्याच्यावरून रोज भांडण. दादा थोरला, त्यामुळे बफेलोमॅन त्यालाच, आणि माझ्या वाट्याला वाकडं बटण असलेला रिमोट, ज्यावर उडी मारायची तर अंगठ्याने नाही, नखाने दाबावं लागायचं. अमेरिकेत गेम गेला तेव्हा विषारी वायू सोडणारा ब्रोकन ज्युनियर काढून जेरोनिमो घातला म्हणे, आमच्याकडे मात्र वायूवालाच होता आणि मी त्याच्यावरच दादाला एकदा हरवलं.

दादा अजून म्हणतो, लाईट गेलेली.